तीन दिवसांत ब्रह्मपुरी खणायची?

गंगावेसकर: काल एकानं लिहिलं, 'ब्रिटनच्या टाइम टीमसारखी, तीन दिवसांत उत्खनन करून दाखवणारी टीव्ही मालिका कोल्हापुरात काढा, पंचगंगेकाठचं ब्रह्मपुरीचं टेकाड खणा, गावाला इतिहास कळेल.' वाचून राहवलं नाही. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी ब्रह्मपुरीत 1945-46 साली उत्खनन केलं, त्यावरचं पुस्तक यायला 1952 उजाडलं. कुठलं खापर सातवाहनांच्या थरातलं, कुठलं बहमनी, हे ताडण्यातच वर्षं जातात. कॅमेऱ्यापुढं घाईनं खणलेला थर परत मिळत नाही.

रंकाळाकाठी: ओ, ती पोस्ट माझी. मालिका बघितलीय का? 1994 पासून चॅनल फोरवर चालली. आधी यंत्रानं जमिनीखालच्या भिंतींचा अंदाज घेतात, मग मोजकेच चर. अख्खं टेकाड कुणी उकरत नाही.

शुक्रवारपेठी: चर राहू द्या. पेठेत पार्किंगसाठी तळघर खणतात, तेव्हा तुमचे थर कुठं जातात? शेजारी जेसीबी लागला तेव्हा मी तिथंच उभा होतो. हातभर वीट निघाली, ओल्या मातीत उमटलेली चार बोटं तशीच. बाकीच्या राडारोड्याबरोबर डंपरमध्ये गेली.

गंगावेसकर: आणि तुम्ही गप्प बसलात?

शुक्रवारपेठी: तोंड सांभाळून बोला. उद्या आमचाही पाया निघणार आहे. काम बंद पडलं तर भाड्याच्या खोलीत किती महिने काढायचे? जमिनीत दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवा, असं 1878 चा कायदा सांगतो. कळवल्यावर घराचं काय होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून लोक रातोरात माती हलवतात.

बाई_सातवी_ब: मी पोरांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेलं होतं. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची मूर्ती, वीतभरही नाही. एक पोरगी काचेला नाक लावून म्हणाली, "बाई, ग्रीकांचा समुद्रदेव आमच्या पंचगंगेवर कशाला आला?" रोमशी व्यापार पुस्तकात चार वेळा शिकवला होता, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नव्हता. मालिका हवीच.

गंगावेसकर: बाईंचं पटतं. पण ब्रह्मपुरीला हात लावू नका. जिथं जेसीबी लागणारच आहे तिथं रीतसर परवानगी काढून आधी जाणकार उतरवा, कॅमेरा मागून येऊ दे. तिथं तीन दिवस मिळाले तरी पुष्कळ.

रंकाळाकाठी: एवढंच पहिल्यांदा म्हणाला असता तर भांडण कशाला झालं असतं?

शुक्रवारपेठी: आमचा पाया दिवाळीनंतर. घरच्यांना मी समजावतो. आणि गप्प बसलो नव्हतो. डंपर हलायच्या आत त्या विटेचा बोटं उमटलेला तुकडा उचलून आणला. तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलाय. बघायला या.