मदत हवी आहे : शिक्षण परिषदेत दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी तासभराचे सत्र घ्यायचे आहे

माळावरची_शाळा : येत्या शनिवारी आमच्या केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक आहे. सामान्य वर्गातील दिव्यांग मुलांना कसे शिकवावे, या विषयावर तासभर बोलण्याचे काम केंद्रप्रमुखांनी माझ्यावर सोपवले आहे. शासनाच्या 'निष्ठा' या शिक्षक प्रशिक्षणातील समावेशनाचा भाग सर्वांनी केलेला आहे, त्यामुळे कायद्यातील दिव्यांगत्वाचे 21 प्रकार पुन्हा वाचून दाखवण्यात मला रस नाही. सोमवारी वर्गात वापरता येईल असे काही असल्यास कृपया लवकर सुचवावे.

साधनव्यक्ती : सर, कोणते दिव्यांगत्व, कोणती इयत्ता आणि शाळा किती शिक्षकी, हे कळल्याशिवाय काय सुचवणार? गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक तुमच्याकडे येतात का?

कलम_सतरा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 17 नुसार शिक्षकांना प्रशिक्षण देणे आणि ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमणे ही शासनाची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांसाठी प्राथमिकला दहा आणि उच्च प्राथमिकला पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सांगितले. तेव्हा सत्र घेण्यापेक्षा पदभरतीचा ठराव करून वर पाठवावा. सामान्य शिक्षकावर हा भार टाकणेच मुळात चुकीचे आहे.

साधनव्यक्ती : ठराव अवश्य करावा, परंतु विशेष शिक्षक नेमला गेला तरी मूल दिवसाचा बहुतेक वेळ वर्गशिक्षकापुढेच बसणार आहे. त्या वेळेचे काय करायचे, हा इथला प्रश्न आहे.

माळावरची_शाळा : आमच्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत आणि जोडवर्ग (एका शिक्षकाकडे एकत्र बसणाऱ्या इयत्ता) सर्वांनाच असतात, म्हणून ते वेगळे लिहिले नाही. माझ्याकडे चौथीत कानामागचे श्रवणयंत्र लावणारी मुलगी आहे. इतर शाळांत अक्षरे ओळखूनही वाचन न जमणारी मुले पुष्कळ आहेत, पण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कोणाकडेच नाही. विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येतात. आता तरी सुचवा.

प्रशस्त_समर्थक : एनसीईआरटीचे 'प्रशस्त' हे मुलांमधील दिव्यांगत्वाची लक्षणे पडताळण्याच्या यादीचे ॲप सर्वांना भ्रमणध्वनीवर घ्यायला लावावे. पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरायचा असल्याने पडताळणी करता करता निरीक्षणाची सवय लागते. आमच्याकडे याचा फार उपयोग झाला.

साधनव्यक्ती : ती प्राथमिक चाचपणी आहे, निदान नव्हे, हे त्याच दमात सांगावे, नाहीतर यादी भरून झाल्यावर स्टाफरूममध्ये मुलाला 'एलडी' (अध्ययन अक्षम) म्हणू लागतात आणि शिकवण्यात मात्र काडीचा बदल होत नाही.

बोलवाणी : मी श्रवणदोष असलेल्या मुलांना शिकवते. तासाची सुरुवात श्रुतलेखनाने करावी. शिक्षकांना पाटी द्यावी आणि आवाज न काढता, केवळ ओठ हलवून 'बाळ', 'माळ', 'पाळ' हे शब्द सांगावेत. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे जाणती माणसेही चुकीचे लिहितील, आणि श्रुतलेखनात त्या मुलीचे गुण कापताना आपण तिच्या शुद्धलेखनाची परीक्षा घेत होतो की कानांची, यावर चर्चा आपोआप सुरू होईल. यंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकल्याचा आवाजही मोठा करते, म्हणून केवळ पहिल्या बाकावर बसवून भागत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, खिडकीला पाठ करून उभे राहू नये (चेहरा अंधारात जातो), आणि मागच्या मुलाने दिलेले उत्तर आपण पुन्हा उच्चारावे. ओरडून बोलल्यास ओठांची ठेवण बिघडते. जोडवर्गात दुसऱ्या इयत्तेचे मोठ्याने वाचन चालू असताना तिला लेखी काम द्यावे. सकाळी हजेरी घेताना यंत्र चालू आहे ना, हेही पाहावे. सेल संपलेले यंत्र म्हणजे कानात घातलेला बोळाच.

पालक_नाशिक : दहावीला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळण्यासाठी अर्ज केव्हा करावा लागतो?

साधनव्यक्ती : ताई, इथे चौथीचे चालले आहे, आपण वेगळा धागा काढावा, तिथे सविस्तर लिहितो. सर, वाचन न जमणाऱ्या मुलांसाठी एवढेच सांगा की प्रश्न वाचून दाखवून उत्तर तोंडी घ्या. परिसर अभ्यासाच्या तासाला त्याचे वाचन तपासायचे नसते.

माळावरची_शाळा : ओठांचे श्रुतलेखन नक्की घेतो. त्या मुलीला परिषदेत आणून यंत्र कसे लावतात ते दाखवावे, असे केंद्रप्रमुख म्हणत आहेत. आणावे का?

बोलवाणी : मुळीच आणू नये. चाळीस अनोळखी माणसांपुढे तिला यंत्र काढायला लावणार का? आईची तयारी असेल तर त्यांना बोलवावे, आणि यंत्र हाताळायचे कसे हे तुम्ही त्यांच्याकडून आधीच शिकून घ्यावे.