मदत हवी आहे: गच्चीवर पानं पांढरी पडली, हळदीचं पाणी मारू का?

कुंडीवाली

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत (कोथरूड) बाल्कन्यांचं वॉटरप्रूफिंग निघालंय, त्यामुळे सगळ्या कुंड्या ऐन एप्रिलात गच्चीवर न्याव्या लागल्या. जूनपर्यंत काम आटपेल असं ठेकेदार म्हणतो, म्हणजे काय ते समजून घ्या.

मनीप्लांट आणि पीस लिलीच्या पानांवर कागदासारखे पांढरट चट्टे आलेत, हात लावला की कुरकुरतात. एका पानावर वरचं पान टेकलं होतं, तिथे बरोब्बर त्याच्याच आकाराचा हिरवा ठसा राहिलाय. म्हणजे पाण्याचा नाही, उन्हाचाच मामला. शेजारीच कोयीतून उगवलेलं आंब्याचं रोप मात्र ठणठणीत. वर त्याला तांबूस पालवीही फुटलीय!

थोडं वाचलं. पानाला झेपेल त्याहून जास्त प्रकाश आला की हरितद्रव्यातली जादा ऊर्जा ऑक्सिजनला मिळते आणि तो पेशीच जाळायला लागतो. त्यावर झाडाकडे स्वतःची औषधं असतात: कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी रंगद्रव्यं), क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, अँथोसायनिन (लालसर-जांभळं रंगद्रव्य). मग माझा भाबडा प्रश्न, हीच द्रव्यं वरून फवारली तर? नर्सरीवाल्याने समुद्री शेवाळाचा अर्क गळ्यात मारायचा प्रयत्न केला. सासूबाई म्हणतात हळदीचं पाणी मार. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरात पडून आहेतच. यातलं काय करू? आघारकर किंवा आयसर या संशोधन संस्थांमधलं कुणी इथे वावरत असेल तर जरूर लिहा.

पर्णहरित

ताई, आधी हळद बाद करा. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, मग पानावर ती टिकणार कशी? शिवाय हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि प्रकाश पडल्यावर ते स्वतःच तसला पेशी जाळणारा ऑक्सिजन तयार करू शकतं. सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

ही द्रव्यं नुसती 'असून' भागत नाही, ती नेमक्या जागी असावी लागतात. कॅरोटिनॉइड हरितलवकाच्या (पेशीतला हरितद्रव्य असलेला भाग) आतल्या पडद्यांत, हरितद्रव्याला अगदी खेटून बसलेली असतात. ऊन वाढलं की या पडद्यांच्या आतली पोकळी आम्लधर्मी होते, एक एन्झाइम जागं होतं आणि काही मिनिटांत व्हायोलाझँथिन या कॅरोटिनॉइडचं झिआझँथिन हे दुसरं कॅरोटिनॉइड होतं. मग जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागतं, पण ते पानातलंच. गोळी विरघळवून वरून मारलेलं तिथवर किती पोचेल? मी तरी गोळ्या वाया घालवणार नाही.

आंब्याच्या पालवीचा तांबूस रंग अँथोसायनिनचा. कोवळ्या पानाची यंत्रणा पुरती बसलेली नसते, तोवर हे द्रव्य उन्हातला हिरवा-निळा प्रकाश आधीच गाळून घेतं, असं त्याचं एक कारण मानतात. चैत्रात पिंपळ बघा, तोच प्रकार.

तुमची मनीप्लांटची पानं सावलीत वाढलेली, त्यांच्याकडे हा साठा तुटपुंजा. उन्हात पानाच्या प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रथिन सतत मोडतं आणि झाड ते सतत नवं बनवतं. मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेला की पान मागे पडतं, आणि तापलेल्या गच्चीवर दुरुस्तीही मंदावते. पांढरा झालेला भाग परत हिरवा होणार नाही. नवी पानं उन्हाच्या हिशोबाने फुटतील, पण हळूहळू उजेड वाढवलात तरच. पन्नास टक्क्यांची शेडनेट लावा. पीस लिलीला तीही पुरणार नाही, तिला जिन्यात न्या.

डाळिंबवाला

आम्ही इंदापूरकडचे. डाळिंब उन्हानं चट्टा धरतं म्हणून केओलिन मारतात, पांढरी माती असते. ती ऊन परतवते, झाडाला काही शिकवत नाही. पानं पांढुरकी दिसतात, घरच्यांना आधी सांगून ठेवा. शेवाळाचा अर्क मी वापरलाय, वाढीला बरा वाटला, उन्हाला उपयोग दिसला नाही.

कुंडीवाली

दोघांचेही आभार. पीस लिली जिन्यात गेली, सेक्रेटरींनी अजून तरी हरकत घेतलेली नाही. आता दोन प्रश्न उरले. अर्धं जळलेलं पान कापू का? हिरवा भाग काम करत असेल तर जीव होत नाही. आणि केओलिन पुण्यात किलो-अर्धा किलो सुटं कुठे मिळेल? मार्केट यार्डात सगळे पोतंच दाखवतात.

पर्णहरित

अर्ध्याहून जास्त हिरवं असेल तर राहू द्या, नवी दोन पानं फुटल्यावर कापा. केओलिनचं डाळिंबवाल्या दादांनाच विचारा.