यावलच्या भरिताला बिअर: नळातून नुसता फेस

आप्पा (सध्या यावल)
मंडळी, मळ्यात नळ जोडून बघितला. पाऊण ग्लास फेस, तळाला दोन घोट बिअर. केग (बिअरचं पिंप) ३० लिटरचं, मागच्या खेपेचंच. बर्फाच्या पेटीत ती स्टीलची कॉइल, म्हणजे बिअर थंड करत नळापर्यंत नेणारी वेटोळी नळी. गॅसच्या दाबाचा रेग्युलेटर १२ पीएसआयवर होता, ८ वर आणला तर फेस आणखी वाढला. शनिवारी लोक येताहेत. लवकर सांगा. उत्पादन शुल्कवाल्यांची एका दिवसाची परवानगी मी बघतोय, त्यावर मेल नकोत.

नाना
कॉइल कोणाची, तेही लिहायचं होतंस. असो. १२ हा आकडा फ्रीजमधल्या केगचा. तिथे बिअर ३ अंशांवर असते आणि ३/१६ इंची पाइप जेमतेम दहा फूट. तुझं केग उन्हातल्या ट्रॉलीतून आलंय, आणि कॉइल ५० फुटांची. गरम बिअर गॅस धरून ठेवत नाही, तिला वरून दाब जास्त लागतो. त्यात कॉइलमध्ये वाटेतच दाब खर्च होतो, मग गॅस पाइपातच सुटतो. तू दाब उतरवलास म्हणजे आगीत तेलच ओतलंस. २५ वर ने, धार मरतुकडी वाटली तर ३०.

वहिनी, एडिसन (अमेरिका)
३०? नाना, आमच्या पिकनिकला ह्यांनी ३० वर नळ उघडला होता, शेजारच्या काकांचा पांढरा सदरा अजून आठवतो. मुलं खूश, बाकी कोणी नाही. १२ च ठेवा.

नाना
वहिनी, तिथे कॉइल नव्हती. दोन हात नळी आणि नळ. तेवढ्याला ३० म्हणजे पिचकारीच होणार.

खजिनदार
बर्फाच्या लाद्या कोणत्या खात्यात टाकायच्या, भरिताच्या की पेयांच्या? गेल्या वर्षी हा घोळ मार्चपर्यंत चालला. आणि वांगी बामणोदचीच ना? जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, म्हणून दर वाढवून सांगतात, घासाघीस करा.

भुसावळचा भाऊ
वांगी काय भो, ती मी आणतो. कपाशीच्या काड्याही आहेत, गॅसवर भाजलेलं भरीत मी खाणार नाही. आप्पा, केग रात्रभर एका जागी उभं राहू दे. ढेकळांतून हिंदकळत आणलंस आणि लगेच नळ उघडलास, दुसरं काय होणार? केगलाही बर्फ लाव, वर ओलं पोतं टाक. आणि पेटीत नुसते बर्फाचे खडे नकोत, पाणीही ओत. खड्यांमध्ये फटी राहतात, अर्धी कॉइल हवेतच असते. पाण्यात बुडाली की बिअर नळापर्यंत थंड येते.

वहिनी, एडिसन
कळण्याच्या भाकरी कोण करणार, हे कोणी विचारलंच नाही. पुरुष मंडळी पीएसआयवर बोलताहेत. मी नाही तिथे, पण माझ्या जाऊबाईंना गृहीत धरू नका.

आप्पा
भाकरी सांगितल्यात, चुलीवरच्या, मजुरी देऊन. नाना, २८ वर धार चांगली आली. पहिला ग्लास फेसाळ येतो, मग सुधारतो.

नाना
पहिला तसाच येणार, नळ स्वतः गरम असतो. तो ओतून टाक, चाखत बसू नकोस. नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा. हळूहळू उघडलास की अर्ध्या उघड्या तोंडातून फेसच येतो. ग्लास ४५ अंशांत तिरपा, शेवटी सरळ. वर दोन बोटं फेस हवाच, म्हणजे वास लागतो. ग्लास थंड पाण्यात बुचकळून घे. आणि भरिताच्या तेलकट हातांनी ग्लास धरणाऱ्यांनी फेस बसला म्हणून माझ्याकडे तक्रार करू नये. तेल लागलं की फेस टिकत नाही.

भुसावळचा भाऊ
म्हणजे फेस नकोसा झाला की बोट बुडवायचं. बरं झालं सांगितलंत.

नाना
बुडव, मात्र स्वतःच्याच ग्लासात. आप्पा, कॉइल आणि नळी पार्टीनंतर त्याच रात्री धुवायची, आधी साधं पाणी, मग लाइन धुवायचं औषध, मग पुन्हा पाणी. हॉटेलवाले दर दोन आठवड्यांनी धुतात, आपण निदान तेवढं करू. आंबट वास येणारी कॉइल मी परत घेणार नाही.

खजिनदार
औषधाचा खर्च कोणत्या खात्यात? आणि बर्फाचं उत्तर अजून आलेलं नाही.