निर्यात द्राक्षांच्या प्रयोगशाळेतून जैवरेणूंच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे : पीएच.डी. आणि त्यापुढची वाट

निफाड_केम (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्येच ॲनालिटिकल केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. केले आणि सध्या येथील एका खासगी प्रयोगशाळेत निर्यातीच्या द्राक्षांमधील कीटकनाशकांचे अवशेष तपासते. हंगामात सकाळी आलेले नमुने वाटून घ्यायचे, क्वेचर्स या झटपट पद्धतीने अर्क काढायचा, ट्रिपल क्वाड या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर एमआरएम (ठरावीक रेणूंचे ठरावीक तुकडेच मोजण्याची पद्धत) लावायचे आणि रात्रीपर्यंत अहवाल द्यायचा, असा क्रम असतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या बागेचा मालही पडेल भावाने द्यावा लागला होता. हे क्षेत्र मी निवडले ते बऱ्याच अंशी त्यामुळेच, आणि या कामाविषयी मला मनापासून आदर आहे.

मात्र आता मला प्रथिने आणि पेप्टाइड्स (प्रथिनांचे छोटे तुकडे) यांच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे रेणूंचे आयन करून त्यांचे वस्तुमान मोजण्याच्या तंत्रात, संशोधन करावेसे वाटते. रोजच्या कामात रेणू कोणते, त्यांची ट्रान्झिशन्स (मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांच्या जोड्या) कोणती आणि मर्यादा किती, हे सगळे आधीच ठरलेले असते. जिथे हे ठरवावे लागते, तिथे काम करण्याची माझी इच्छा आहे. शंका अशा की, बारावीनंतर जीवशास्त्राशी संबंध न उरलेल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला या विषयात कोणी घेईल का, अवशेष-तपासणीचा अनुभव तेथे उपयोगी पडेल की नव्याने सुरुवात करावी लागेल, आणि पीएच.डी.नंतर अध्यापन-संशोधनात जागा मिळते की माणूस शेवटी दुसऱ्यांचे नमुने यंत्रावर लावून देणाराच राहतो? पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जाण्याची माझी तयारी आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ_अध्यापक

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी नाशिकमध्ये अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि अवशेष-प्रयोगशाळांत गेलेले विद्यार्थी जवळून पाहिले आहेत. त्यांच्यापैकी फार थोडे असा प्रश्न विचारतात.

जीवशास्त्राची भीती आधी मनातून काढून टाका. हे क्षेत्र उभे केले ते प्रामुख्याने रसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते यांनी. द्रावणातील मोठे रेणू विद्युत-फवाऱ्याने वायुरूपात आणण्याचा प्रयत्न माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये केला, पण त्यांच्यापाशी ते आयन मोजण्याजोगा मास स्पेक्ट्रोमीटर नव्हता. जॉन फेन हे मूळचे रेणूंच्या झोतांवर काम करणारे. त्यांनी ती कल्पना पुढे नेली आणि प्रथिनांचे स्वच्छ स्पेक्ट्रम १९८८-८९ च्या सुमारास, वयाची सत्तरी ओलांडल्यावर दाखवले. कोइची तानाका हे जपानमधील शिमाझू कंपनीतील विद्युत अभियंता, पीएच.डी. न केलेले; त्यांनी प्रथिने लेझरच्या साहाय्याने वायुरूपात आणली. या दोघांना २००२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा तानाका ४३ वर्षांचे होते. आज सर्वत्र वापरली जाणारी माल्डी पद्धत (लेझर शोषणाऱ्या सेंद्रिय पदार्थात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, नमुना मिसळून त्यावर लेझर सोडण्याची) मात्र जर्मनीतील कारास आणि हिलेनकाम्प यांची आहे, हे अभ्यासताना ध्यानात ठेवावे, कारण त्या वर्षी निवडीवरून बरीच चर्चा झाली होती.

आपल्यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र कॅरल रॉबिन्सन यांचे आहे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्या फायझर कंपनीत प्रयोगशाळा-तंत्रज्ञ म्हणून लागल्या, नोकरी सांभाळून शिकल्या, केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केली आणि त्यानंतर मुलांच्या संगोपनासाठी आठ वर्षे संशोधनापासून दूर राहिल्या. परतल्या त्या कनिष्ठ जागेवर. पण २००१ मध्ये केंब्रिजच्या आणि २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रातील पहिल्या महिला प्राध्यापक त्याच झाल्या. प्रथिनांची गुंतागुंतीची संकुले न मोडता वायुरूपात टिकतात का, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो कित्येकांना अशक्य वाटत असतानाही त्यांनी सोडला नाही. यंत्र तर अनेकांकडे होते. आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर मला येथेच दिसते : यंत्रावर हात बसलेला माणूस दुसऱ्यांचे नमुने लावत राहतो, हे खरे आहे, परंतु मोजमापाविषयीचा एखादा प्रश्न ज्याने स्वतःचा करून घेतला आहे त्याची जागा विद्यापीठात असते.

हा विषय आपल्याला मानवतो का, हे पाहण्यासाठी एक छोटे गणित देतो. घोड्याच्या स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाचे वस्तुमान, त्यातील हीम हा लोहयुक्त गट वगळून, सुमारे १६,९५१ डाल्टन (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) आहे. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या विद्युत-फवाऱ्यात, त्याला अनेक प्रोटॉन चिकटतात आणि एकाच प्रथिनाची शिखरांची माळ दिसते; प्रत्येक शिखराचा आकडा म्हणजे आयनाचे वस्तुमान भागिले त्याचा भार. त्यातील शेजारची दोन शिखरे ११३१.१ आणि १०६०.५ येथे आहेत असे समजा. या दोन आकड्यांखेरीज काहीही माहीत नाही असे धरून, विद्युतभार आणि वस्तुमान दोन्ही काढून दाखवा. लहान आकड्याच्या शिखरातून एका प्रोटॉनचे वस्तुमान वजा करून दोहोंमधील फरकाने भागले की मोठ्या आकड्याच्या शिखराचा भार १५ येतो. पुढचे आपण स्वतः करा. द्राक्षातील अवशेषांच्या रेणूंवर बहुधा एकच भार असतो, त्यामुळे हा विचार आजवर आपल्याला करावा लागला नसेल.

हैदराबादची_नाशिककर

मी मूळची पंचवटीची, सध्या हैदराबादला प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे पेशीतील सगळ्या प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासात, संशोधन करते. सरांनी लिहिलेल्या मोठ्या गोष्टींत मी भर घालत नाही. तुमच्या अनुभवाचा उपयोग काय, एवढ्याच मुद्द्यावर लिहिते.

उपयोग खूप आहे, ताई. रक्तद्रवातील एखादे प्रथिन नेमके किती, हे सांगण्यासाठी त्याच्या निवडक पेप्टाइड्सवर एमआरएम लावतात, आणि ते लावतात तुमच्याच ट्रिपल क्वाडसारख्या यंत्रावर. मॅट्रिक्समुळे (इथे नमुन्यातील इतर घटकांमुळे) सिग्नल दबणे, ब्लँकमध्ये (कोऱ्या नमुन्यात) मागच्या नमुन्याचा अंश येणे, समस्थानिक घातलेले आंतरिक मानक, रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती परत मिळाले), ही तुमची रोजची भाषा आहे. जीवशास्त्रातून आलेल्या पुष्कळ चांगल्या संशोधकांना ती प्रयोगशाळेत आल्यावर शिकावी लागते, आणि ती न शिकताच काढलेले निष्कर्ष पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत टिकत नाहीत. मुलाखतीत हे न संकोचता सांगा.

नवे शिकावे लागेल ते नमुन्याचे वागणे. ट्रिप्सिन हे एन्झाइम लायसिन आणि आर्जिनिन यांच्यानंतर प्रथिन कापते. कापणी अपुरी राहिली तर पुढचे सारे आकडे डळमळतात. फॉस्फेट बफर किंवा एसडीएस हे डिटर्जंट राहून गेले तर स्प्रे बिघडतो, म्हणून अमोनियम बायकार्बोनेटसारखी उडून जाणारी द्रावणे वापरतात. ४४ डाल्टनच्या अंतराने शिखरांची लांबच लांब रांग दिसली की ओळखायचे, कुठून तरी पॉलिइथिलीन ग्लायकॉल आले आहे, बहुतेक वेळा डिटर्जंटमधून. आपल्याच त्वचेचे आणि केसांचे केराटिन तर जवळजवळ प्रत्येक नमुन्यात डोकावते.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे ओळख पटवणे. तुमच्याकडे शुद्ध मानक बाटलीत असते, रिटेन्शन टाइम (स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ) आणि आयनांचे गुणोत्तर जुळले की प्रश्न संपतो. आमच्याकडे हजारो पेप्टाइड्सची ओळख माहितीकोशाशी ताडून ठरते, त्यामुळे चुकीच्या ओळखींचे प्रमाण मोजण्यासाठी मुद्दाम उलटे-सुलटे केलेले खोटे अनुक्रम सोबत शोधावे लागतात. शिवाय काही भेद वस्तुमानात उतरतच नाहीत : ल्युसिन आणि आयसोल्युसिन या अमिनो आम्लांचे वस्तुमान अगदी एकच आहे. फॉस्फेट गट आणि सल्फेट गट यांच्या वाढीव वस्तुमानात जेमतेम ०.००९५ डाल्टनचा फरक आहे. दीड हजार डाल्टनच्या पेप्टाइडमध्ये तो साधारण सहा पीपीएम (दहा लाखांत सहा भाग) होतो. ट्रिपल क्वाडला तो दिसणार नाही, ऑर्बिट्रॅप या अतिअचूक यंत्राला दिसेल, तेही कॅलिब्रेशन नीट असेल तर. हा मजकूर वाचून तुमची उत्सुकता वाढली असेल तर अर्ज करायला हरकत नाही.

संस्थांबद्दल : पुण्यात एनसीएल, मुंबईत आयआयटी, हैदराबादला आयआयसीटी आणि सीसीएमबी, बंगळुरूला आयआयएससी आणि इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स. मानवी प्रोटिओमचा जो आराखडा २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि ज्यात १७,२९४ जनुकांच्या प्रथिनांचा पुरावा दिला होता, त्यातील मोठा वाटा या शेवटच्या संस्थेतील तरुण संशोधकांचा होता. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावाआधी त्यांचे गेल्या काही वर्षांतील शोधनिबंध वाचा.

यंत्रशाळा_प्रमुख

सरांच्या एका विधानाशी मी सहमत नाही. दुसऱ्यांचे नमुने लावणे हे कमी प्रतीचे काम आहे असा समज त्यातून होऊ नये. नमुना कसा गोठवावा, किती घ्यावा, प्रश्नाचे उत्तर या यंत्रावर मिळेल तरी का, हे सामायिक सुविधेतला अनुभवी माणूस सांगतो तेव्हा प्रयोग वाचतो, आणि शोधनिबंधात त्याचे नाव लेखक म्हणून यायलाच हवे. अडचण आहे ती आपल्याकडे अशा पुष्कळ जागा कंत्राटी असण्याची. ती सुटावी म्हणून बोलत राहिले पाहिजे.

प्रवेश घेण्यापूर्वी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून या आणि तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारा : यंत्राची एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू आहे का, आणि ते मागच्या वर्षात किती काळ बंद होते. मी एका ठिकाणी कोट्यवधींचे यंत्र केवळ टर्बो पंपाच्या दुरुस्तीला मंजुरी नाही म्हणून झाकून ठेवलेले पाहिले आहे आणि त्या काळात तिथल्या मुलांच्या उमेदीची वर्षे वाया गेली. हे टाळता येते, फक्त आधी विचारावे लागते.

निफाड_केम

आपणा सर्वांची मी आभारी आहे. सरांचे गणित सोडवले, उत्तर १६,९५१ च्या जवळ आले. दोन गोष्टी अजून विचारते. आधी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी करावी की थेट संस्थांच्या प्रवेशपरीक्षा द्याव्यात? आणि नोकरी चालू असताना, ऑर्बिट्रॅप हाताशी नसताना, घरी बसून काय शिकता येईल?

हैदराबादची_नाशिककर

नेट आधी, आणि रसायनशास्त्रातूनच द्या. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफचे (वरिष्ठ शिष्यवृत्तीचे) ४२,००० तुमच्या नावावर येतात, मार्गदर्शकाच्या प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून राहावे लागत नाही. जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जाऊ लागले आहेत. शिवाय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे झाल्यास २०२३ च्या दुरुस्तीत नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) हीच किमान अट ठेवली होती, त्यामुळे परत नाशिकला येऊन शिकवण्याचा विचार असेल तर तो दरवाजाही उघडा राहतो.

घरी शिकण्यासाठी स्कायलाइन हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते मुळात एमआरएमसाठीच लिहिलेले असल्यामुळे तुम्हाला लवकर जमेल. ते हाती बसले की पेप्टाइड्सची ओळख पटवणारे मॅक्सक्वांट हे सॉफ्टवेअर घ्या. जगभरच्या प्रयोगशाळांचा मूळ डेटा प्राइड या कोशात सर्वांना खुला असतो. आवडलेल्या एखाद्या निबंधाचा डेटा तेथून घेऊन स्वतः पुन्हा तपासा, आकडे जुळतात का पाहा, आणि जिथे जुळत नाहीत तिथे कारण शोधा.

गोदाकाठ_अध्यापक

मार्गदर्शकांना पत्र लिहाल तेव्हा हेच पुनर्विश्लेषण पानभर टिपण करून सोबत जोडा. आपल्या नाशिकच्या यंत्रावर केलेल्या एखाद्या पद्धतीचे प्रमाणीकरण, म्हणजे रेषीयता, रिकव्हरी आणि अनिश्चितता, तेही थोडक्यात द्या. मात्र ग्राहकांच्या नमुन्यांची माहिती त्यात येऊ देऊ नका आणि व्यवस्थापनाची परवानगी लेखी घ्या. मसुदा तयार झाला की येथे सांगा, मी आनंदाने वाचून देईन.