मदत हवी आहे: आईला चीज बनताना बघायचंय (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

मुक्काम ठाणे, घोडबंदर रोड. आई बहात्तरची. खरवस, पनीर, चक्का सगळं आयुष्यभर घरीच केलेलं. त्यामुळे यूट्यूबवर मोझरेला बघून तिला वाटलं, यात काय मोठंसं! नातवाकडून रेनेट (दूध घट्ट धरायला घालतात ते) मागवलं, घरात टेट्रापॅकचं दोन लिटर दूध होतं तेच घेतलं. कवडी बसायला हवी होती, झाला ओला रवा. तेव्हापासून एकच धोशा, "मला करणाऱ्याच्या हातचं बघायचंय."

गेल्या महिन्यात एका ठिकाणी 'टूर आणि टेस्टिंग'ला नेलं. माणशी बाराशे रुपये, काचेपलीकडे बंद मशीन, टूथपिकला टोचलेले सहा तुकडे आणि लगेच बिलाचं काउंटर. येताना रिक्षात आई म्हणाली, "एवढ्यात दोन घरांना पुरेल इतका चीक आला असता."

तर रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात किंवा ठाण्यात कुणी लहान चीजवाले दोन-तीन माणसांना आत घेतात का? फोनवर नेमकं काय विचारायचं? आणि रेनेट वासराच्या पोटातलं असतं म्हणतात, ते खरं का? आई शुद्ध शाकाहारी आहे. (हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

विरजणवाली: आधी रव्याबद्दल. आईंचं काही चुकलं नाही, दूध चुकलं. टेट्रापॅकचं दूध साधारण 135 ते 140 अंशांवर तापवतात. त्यात दुधाच्या पाण्यातली प्रथिनं केसिनला, म्हणजे ज्याचं चीज बनतं त्या प्रथिनाला, चिकटून बसतात आणि मग रेनेट लावलं तरी दूध घट्ट धरत नाही. तबेल्याचं म्हशीचं दूध घ्या, हलकं तापवा, उकळू नका. रेनेटचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत वासराच्याच जठरातून काढायचे. आपल्याकडे बहुतेक जण बुरशी-जंतूंपासून केलेलं वापरतात. पाकिटावर हिरवा ठिपका बघा. पण टेस्टिंगच्या ताटात इटलीचं अस्सल पार्मिजानो चीज असेल तर आईंना देऊ नका, त्यात नियमानेच वासराचं रेनेट असतं.

कळवा_खाडी: "टूर आहे का" असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. "त्या दिवशी काय करणार आहात आणि किती वाजता" हे विचारा. दूध सकाळी येतं. विरजण, रेनेट, घट्ट धरलेल्या दुधाची कापणी, सगळं दुपारपर्यंत आटोपतं. संध्याकाळी गेलात तर धुतलेली भांडी बघून याल. मोझरेलाचा दिवस मिळाला तर सोडू नका. गरम पाण्यात गोळा ताणतात तेव्हा तो कणकेसारखा मऊ होतो आणि मग एकदम चकाकायला लागतो. आईंना तिथेच कळेल. गौडा या मुरवायच्या चीजच्या दिवशी दाबात ठेवलं की काम संपलं, पुढे महिनोन्महिने नुसतं थांबायचं. आणि शाल न्या, मुरवण्याची खोली साधारण 12 अंशांवर असते. गुडघ्यांचं काय, जिने आहेत का तेही विचारा, एमआयडीसीतले बरेच गाळे पोटमाळ्याचे.

विरजणवाली: आणि चाखताना ताज्यापासून मुरलेल्याकडे जा. उलट केलंत तर बिचाऱ्या मोझरेलाची चवच लागणार नाही.

धागाकर्ती: दोघांचे आभार! एका बाईंशी बोलले, रबाळे स्टेशनपासून रिक्षाने जवळ, तळमजला. गुरुवारी मोझरेला करणार आहेत, साडेआठला या म्हणाल्या. केसांना जाळी आणि चपला त्याच देणार. दहा लिटरला किलोभर चीज निघतं, हे ऐकल्यावर आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "मग उरलेल्या पाण्याचं काय करता?" बाई म्हणाल्या, बरंचसं फुकट जातं.

आईने पाच लिटरची कॅन घासून उन्हात ठेवली आहे. त्या पाण्यात कणीक मळायची म्हणते.