मराठवाड्यातल्या छोट्या कृषी कॉलेजात शिकलात? अनुभव लिहा

बारावीचा निकाल लागला की गावातलं कुणी ना कुणी विचारतंच: परभणीला, लातूरला नंबर लागला नाही, जवळच्या खाजगी कृषी कॉलेजात मिळतोय, घ्यावा का? उत्तर देणारे फक्त नोकरीचं बोलतात. एमपीएससी होईल का, बँकेत कृषी अधिकारी होता येईल का. चार वर्षांत तिथं शिकायला काय मिळतं, हे कुणी सांगत नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं. आज त्याची स्वतःची महाविद्यालयं आहेतच, शिवाय संलग्न खाजगी कॉलेजं मराठवाडाभर आहेत, बरीचशी गावाबाहेर माळावर. तिथं शिकलेल्यांनी लिहावं. कॉलेजचं आणि शिक्षकांचं नाव नको, वर फक्त जिल्हा लिहावा. माझं मत आधीच सांगतो: ज्या कॉलेजचं शेत नीट, ते कॉलेज चांगलं. इमारत कशी का असेना.

सुरुवात मीच करतो. आमच्या कॉलेजची जमीन एका अंगाला भारी काळी आणि दुसऱ्या अंगाला मुरमाड होती. मृदाशास्त्राच्या सरांनी पहिल्याच सत्रात दोन्हीकडं खड्डे खणायला लावले. मुरमाड रानात वीतभर खाली मुरूम लागला. काळ्यात कमरेइतकं खणलं तरी काळंच. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे सरांनी खड्ड्यात उभं राहून सांगितलं. मग ओलावा मोजायला शिकवलं: माती वजन करायची, ओव्हनमध्ये १०५ अंशाला २४ तास ठेवायची, पुन्हा वजन करायचं.

आमचे आबा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायला माती मुठीत दाबून गोळा करतात आणि खाली सोडतात. गोळा नीट फुटला तर तिफण जुंपायची. मी घरून तीन पिशव्या भरून नेल्या: आबा ‘अजून ओलं हाय’ म्हणाले ती, ‘आता घ्या पेरून’ म्हणाले ती आणि ‘ओल उडाली’ म्हणाले ती. तिन्हींचे आकडे आबांच्या बोलण्याच्या क्रमानंच उतरले. घरी सांगितलं तर आबांनी विचारलं, “मग त्या मशीनीला इतका येळ कामून लागला?” सरांनी ते आकडे वर्गात फळ्यावर लिहिले. माझ्यासाठी शिक्षण तिथून सुरू झालं.

हिंगोली जिल्हा

जून २०२० मध्ये लॉकडाऊनमुळं मी गावीच होते. त्या वर्षी सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर ओरड झाली. आमच्या शिवारातही कितीतरी जणांना दुबार पेरणी करावी लागली. आम्हाला रावेचं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाचं, कामही आपापल्या गावातच करायला सांगितलं होतं. एरवी सातव्या सत्रात दुसऱ्या गावात राहून कृषीकन्या म्हणून प्रात्यक्षिकं द्यावी लागतात. ते सत्र संपलं, गुण मिळाले, तरी पुढच्या मे महिन्यात मी उगवण चाचणी पुन्हा घेतली.

घरचं बियाणं बायकाच निवडतात, म्हणून पारावर सभा घेतली नाही. ओट्यावर बसले. ओल्या गोणपाटावर १०० दाणे, दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पेरायचं, कमी असतील तर त्या हिशोबानं बियाणं वाढवायचं. सोयाबीनची साल फार पातळ असते. चुंगडी आपटली, एकावर एक थप्पी लावली तरी दाणा आतून फुटतो. हे ऐकल्यावर एक काकू उठल्या आणि घरी जाऊन पोरांना बियाण्याच्या थप्पीवरून खाली उतरवलं. मला त्या दिवशी पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

लातूर जिल्हा

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाचा २०१६ चा दुष्काळ. एप्रिलमध्ये लातूरला मिरजहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या होस्टेलवर माणशी बादल्या मोजून द्यायचे. प्लॉट वाळून गेले होते. प्रात्यक्षिक म्हणून मॅडम आम्हाला आसपासच्या विहिरींचं पाणी मोजायला न्यायच्या. पाटी-फावडं घेऊन चरही खणले. ते सत्र आयुष्यभर पुरेल.

बीड जिल्हा

सगळं गोड लिहू नका. आमच्याकडं अख्ख्या वर्गाला सूक्ष्मदर्शक एक. वनस्पती रोगशास्त्राला शिक्षक टिकत नव्हते. वर्षात तीन बदलले. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना सगळं इंग्रजीत. पहिल्या सत्रात निम्मा वर्ग मान खाली घालून बसायचा, सगळी शेतकऱ्यांचीच लेकरं, पिकांबद्दल शिक्षकांपेक्षा जास्त बघितलेली. त्यांना व्हायव्हात मराठीत उत्तर देऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? फी पूर्ण घेतली होती. प्रयोगशाळाही पूर्ण द्यायला हवी होती.

जालना जिल्हा

माझं गावात कृषी सेवा केंद्र आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातली कपाशी खाल्ली. तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. कीटकशास्त्रात शिकलो होतो: एकरी दोन कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे, सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस दिसले तर फवारणीचं बघायचं. आता दुकानात औषध मागणाऱ्याला मी आधी विचारतो, “भाऊ, पतंग मोजले का?” औषध विकलं नाही तर धंदा बुडतो, असं लोक सांगायचे. माझी गिऱ्हाइकं टिकून आहेत. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झालेल्या कपाशीला पाणी देऊन पुन्हा घेतलेलं पीक, ठेवू नका, हे मात्र दरवर्षी सांगावं लागतं.

परभणी जिल्हा

मी पालक आहे. लेकीला यंदा एका छोट्या कॉलेजात प्रवेश मिळतोय. मुलींच्या होस्टेलची काळजी वाटते. काय बघावं?

उत्तर

ताई, जुलैत एकदा लेकीला घेऊन न सांगता जाऊन या. होस्टेलची खोली, पाणी, रात्री वॉर्डन राहतात का, हे बघा. मग शेतावर चक्कर मारा. विद्यार्थ्यांचे प्लॉट पेरलेत का, त्यांवर पाट्या आहेत का, पोरं चिखलात आहेत की गेटवर? शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी एकटीनं बोला, प्रवेश घ्यायला बसलेल्या माणसाशी नाही. पेरणीच्या दिवसांत प्लॉट रिकामे दिसले तर दुसरं कॉलेज बघा.