प्लेऑफ अन्यायकारक, पण...

फुटबॉल लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकालाही वरच्या लीगमध्ये थेट बढती द्या, प्लेऑफ म्हणजे नुसता जुगार, असं काही जण म्हणतात, ते अर्धं पटतं. इंग्लंडच्या चॅम्पियनशिपचा, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या लीगचा, २०२४-२५ चा हंगामच बघा ना. तेव्हा पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जायचे, आणि बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठी तिसरा ते सहावा यांच्यात बाद फेरी, म्हणजेच प्लेऑफ. लीड्स आणि बर्नली दोघांचे बरोबर १०० गुण, दोघेही थेट वर. शेफील्ड युनायटेड ९० गुणांवर तिसरे (तेही २ गुण कापल्यावर!), सेमीफायनलला ब्रिस्टल सिटीला दोन सामन्यांत मिळून ६-० धुतलं. आणि फायनलला समोर कोण, तर ७६ गुणांचं संडरलंड.

वेम्बलीवर, म्हणजे लंडनच्या तटस्थ मैदानावर, ७५व्या मिनिटापर्यंत शेफील्ड पुढे होतं. मग संडरलंडच्या मायेंडाने बरोबरी केली आणि ९५व्या मिनिटाला त्यांच्याच टॉम वॉटसनने लांबून कोपऱ्यात चेंडू सरकवला. या पोराचं ब्रायटन या दुसऱ्या क्लबात जायचं आधीच ठरलेलं! ४६ सामन्यांत कमावलेली १४ गुणांची आघाडी एका फटक्यात मातीमोल.

अन्याय आहेच, नाही कोण म्हणतंय. पण प्लेऑफ काढलात तर मार्चपासून मधल्या आठ-दहा संघांना खेळायला कारणच उरणार नाही. तिसऱ्याला फायनल घरच्या मैदानावर द्यावी, एवढं मात्र मला पटेल.